चारा वाळवा तर कडक, मुरवा तर घट्ट

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात घासाच्या गंजीतून मी लोखंडी सळई ओढून काढली आणि हातातून टाकूनच दिली, इतकी ती तापली होती. गंजी रचून बारा दिवस झाले होते. वरून हात लावला तर गार. आई आदल्या संध्याकाळीच म्हणाली होती, "अरे, गंजीतून गुळाच्या काहिलीसारखा वास येतोय." मी म्हटलं, "घास चांगला वाळलाय ना आई, म्हणून गोड वास मारतोय." खरं म्हणजे घास वाळलाच नव्हता. पानं कडक झाली होती, पण काड्यांच्या पोटात ओल होती. त्यात शेवटचे भारे दव पडल्यावर, अंधारात रचले होते.

याच्या बरोबर उलटी फजिती आधी मुरघासात, म्हणजे हिरवा चारा हवाबंद दाबून आंबवण्यात, झाली होती. मका हातची निघून चालली, पानं करपली, तरी "अजून चार दिवस" करत कापायला उशीर केला. कुट्टी, म्हणजे चाऱ्याचे बारीक तुकडे, इतकी कोरडी झाली की दाबली तरी फुगून वर यायची. खड्डा उघडला तर वरचा फूटभर थर काळा आणि आत पांढऱ्या बुरशीचे गोळे.

दोन्ही वेळी चूक एकच होती. चाऱ्यात पाणी १५ टक्क्यांच्या खाली असेल तर तो वाळलेला चारा, वर्षभर टिकतो. ६५ ते ७० टक्के असेल आणि हवा बाहेर काढली, तर त्याचा मुरघास होतो. मधला सगळा पट्टा बुरशीचा आणि आगीचा. म्हणून विळा लावायच्या आधीच ठरवायचं की हे पीक वाळवायचं की मुरवायचं.

आपल्याकडे हा निर्णय बऱ्याचदा पाऊसच घेतो. जूनमध्ये पेरलेली मका भाद्रपदात कापणीला येते, तेव्हा ती वाळवायला ऊन कुठलं? तिचा मुरघासच करायचा. डोंगरातलं गवत ऑक्टोबरच्या उन्हात तयार होतं, ते वाळवायचं. रब्बी ज्वारीचा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतातच वाळतो. लसूणघास मुरवायला अवघड, कारण त्यात साखर कमी आणि प्रथिनं जास्त, आंबायच्या ऐवजी तो सडायलाच बघतो. थंडी-उन्हाळ्यात तो वाळवावा, पावसाळ्यात हिरवाच खाऊ घालावा किंवा मक्याच्या कुट्टीत थोडा मिसळावा.

खड्डा किती मोठा? आधी तोंड मोजा

बहुतेक जण एकूण टन मोजून खड्डा खणतात. ते अर्धंच गणित झालं. मुरघास बंद असताना फारसा बिघडत नाही, उघडल्यावर बिघडतो. हवा लागली की यीस्ट जागं होतं, तोंड, म्हणजे चारा काढायची उघडी बाजू, तापायला लागतं. उन्हाळ्यात टिकवायचा असेल तर संपूर्ण तोंडावरून रोज निदान सहा इंच थर निघालाच पाहिजे.

दहा दुभत्या गाई धरा. प्रत्येकी २० किलो म्हणजे रोज २०० किलो. सहा महिन्यांचे ३६ टन, वाया जाणारं १५ टक्के धरलं तर ४२ टनांच्या आसपास. हिरवी मका एकरी १५ ते २० टन निघते, तेव्हा अडीच एकर पेरावी लागेल. नीट दाबलेला मुरघास एका घनफुटात साधारण १६ किलो बसतो, म्हणजे जागा लागली २,६०० घनफूट.

आता तोंडाचं गणित. रोज २०० किलो काढायचा आणि अर्धा फूट थर निघायचा, तर तोंडाचं क्षेत्रफळ २५ चौरस फूट हवं, जास्त नाही. गावात सर्रास १० फूट रुंद आणि ६ फूट खोल खड्डा खणून देतात. त्याचं तोंड ६० चौरस फूट. त्यातून २०० किलो काढलात तर रोज जेमतेम अडीच इंच थर निघतो आणि उरलेलं तोंड तापत बसतं. त्यापेक्षा आठ फूट रुंद आणि तीन फूट उंच घ्या. एवढ्या रुंदीत ट्रॅक्टर फिरतो. फळबागेतला छोटा ट्रॅक्टर असेल तर पाच बाय पाचही चालेल. लांबी शंभर फुटांच्या पुढे जाते, म्हणून पंचावन्न-पंचावन्न फुटांचे दोन करा. दुसरा बंदच राहतो. उथळ खड्ड्यात झाकायचा कागद जास्त लागतो हे खरं, पण नासलेल्या मक्यापेक्षा कागद स्वस्त.

पाचच गाई असतील तर खड्ड्याच्या नादाला लागू नका. एक टनाची बॅग दहा दिवसांत संपते, अर्ध्या टनाची पाच दिवसांत. मी तर अर्ध्या टनाचीच घ्यायला सांगेन. बॅगेत चारा पायानं तुडवावा लागतो, म्हणून ट्रॅक्टरइतका दाब बसत नाही. कोपरे तुडवायला मात्र विसरू नका, हवा तिथेच राहते.

जागा उंचवट्यावरची, पाणी न साचणारी. काळ्या जमिनीत कच्चा खड्डा खणला की पावसाळ्यात बाजूनं पाणी झिरपतं, तिथं जमिनीवरच दोन भिंती घातलेल्या बऱ्या. मुरघासातून गळणारं पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाता कामा नये.

मका कधी कापायची

दिवस मोजून कापू नका. "८० दिवसांची झाली" हा अंदाज आहे, वाण आणि पाऊस पाहून तो आठ-दहा दिवसांनी इकडं-तिकडं होतो. शेताच्या मधल्या भागात जा, बांधाकडची ताटं नकोत. पाच-सहा कणसं तोडा, सोला आणि मधोमध मोडा. दाण्याचा वरचा भाग पिवळा घट्ट आणि कणसाकडचा पांढरा, दुधाळ दिसेल. दोघांच्या मधली रेघ दाण्याच्या निम्म्यावर आली की कापणीला लागा. रेघ वरच असेल तर मका ओली आहे, खड्ड्यातून पाणी गळेल आणि त्यासोबत साखरही जाईल. रेघ अगदी खाली गेली असेल तर उशीर झालाय. दाणा दाताखाली टणक लागतो आणि शेणातून अख्खा बाहेर पडतो.

कणीस नीट न भरलेल्या चाऱ्याच्या मक्यात मुठीची परीक्षा करा. ताजी कुट्टी मुठीत अर्धा मिनिट घट्ट आवळून धरा आणि मूठ उघडा. बोटांतून रस गळला तर एक-दोन दिवस थांबा. लाडू तसाच राहिला पण हात नुसता ओलसर झाला, तर चालेल. लाडू हळूहळू उलगडला तर उत्तम. उघडताच भुगा सांडला तर आजच्या आज कापा आणि कुट्टी बारीक ठेवा.

ताट बुडापासून वीतभर वर कापा. खालचा भाग नुसतं लाकूड, त्यावर माती, आणि जनावराला विषबाधा करणारं नायट्रेटही तिथंच सगळ्यात जास्त. पावसानं ओढ दिल्यावर एकदम जोराचा पाऊस झाला आणि युरियाही पडलेला असेल, तर आठवडाभर थांबून मगच कापा. मुरवल्यानं नायट्रेट बरंच कमी होतं, वाळवल्यानं होत नाही, हे कडब्याच्या बाबतीत लक्षात असू द्या. २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आली आणि चाऱ्याच्या मक्यावरही फवारे सुरू झाले. औषधाच्या लेबलवर दिलेले दिवस भरल्याशिवाय कापणी नको.

फुले जयवंत, फुले गुणवंत यांसारखी संकरित नेपिअर गवतं मुरवायची असतील तर कापून एक दिवस शेतातच सुकू द्या. त्यांत पाणी जास्त आणि साखर कमी असते. टनामागे २० किलोपर्यंत गूळ पाण्यात विरघळवून शिंपडावा. मक्याला यातलं काही लागत नाही. दुकानात गेलात की गूळ, मीठ, युरिया, खनिज मिश्रण, कल्चर (जिवाणूंचं विरजण) अशी यादी हातात पडते. वेळेवर कापलेल्या मक्यात आंबायला लागणारी साखर आधीच असते. तोच पैसा जाड कागदावर घाला. खनिज मिश्रण गव्हाणीत द्या, म्हणजे कुठल्या गाईला किती गेलं ते कळतं.

कुट्टी, भरणं, दाबणं

कुट्टी एक ते दोन सेंटिमीटरची. मशीनची पाती सकाळीच धार लावून घ्या. बोथट पातं चारा कापत नाही, चिंध्या करतं. कडबाकुट्टीवर हात गेल्याच्या घटना दरवर्षी घडतात आणि बहुतेक वेळा कारण सारखंच असतं: अडकलेलं ताट हातानं ढकलायला जाणं. मशीन बंद केल्याशिवाय तोंडात हात घालायचा नाही. पदर, ओढणी, सैल बाही, हातातलं कडं यांपैकी काही नको. एक माणूस फक्त बटणापाशी उभा करा. तो "रिकामा उभा आहे" असं वाटलं तरी त्याला दुसरं काम देऊ नका.

खड्ड्यात एका वेळी अर्ध्या फुटापेक्षा जाड थर नको. प्रत्येक थरावर ट्रॅक्टर हळूहळू मागेपुढे फिरवा, कडेला जास्त. खड्डा भरायचा वेग किती असावा यासाठी एक ढोबळ हिशेब आहे: तासाला जितके टन कुट्टी येते त्याच्या ०.४ पट वजनाचा ट्रॅक्टर दाबायला हवा. आपला ४५-५० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास भरतो, म्हणजे तो तासाला पाच टनच नीट दाबू शकतो. कापणीचं मोठं मशीन तासाभरात पंधरा टन आणून ओतणार असेल तर आणखी दोन ट्रॅक्टर बोलवा, नाहीतर मशीनवाल्याला थांबवा. तो कुरकुरेल, कारण त्याचं भाडं एकरावर. खड्डा आपला.

चालवणारा अनुभवी हवा. भिंतीच्या वर चारा गेला की कडेला चाक घसरून ट्रॅक्टर उलटतो. उतार तीव्र ठेवू नका आणि मडगार्डवर कुणालाही बसवू नका, पोरांना तर नाहीच. भरताना मेलेला उंदीर, साप दिसला तर काढून टाका. प्राण्याचं प्रेत मुरघासात राहिलं तर त्यातून बोट्युलिझम ही विषबाधा होऊन जनावरं दगावू शकतात.

खड्डा शक्यतो एका दिवसात, फार तर दोन दिवसांत भरा. रात्री थांबलात तर कागद अंथरूनच झोपायला जा. वरचा भाग घुमटासारखा फुगीर करा, म्हणजे चारा बसल्यावरही पाणी साचत नाही. कागद निदान ६०० गेजचा, म्हणजे १५० मायक्रॉनचा. पांढरी बाजू वर, काळी आत. वर वाळूच्या पिशव्या, जुने टायर किंवा चार इंच माती. कडा चर खणून गाडा. मोर, कावळे, कुत्री आणि घुशी ही पुढची दोन महिने रोजची कटकट. बोटाएवढं भोक दिसलं तरी त्याच दिवशी चिकटपट्टी लावा. भोवतीचं गवत तीन फूट साफ ठेवलं की घुशीला लपायला जागा उरत नाही.

खड्ड्यातला वायू

हे वाचताना घाई करू नका. कुट्टी भरल्यावर पहिले काही तास ती श्वास घेत असते. प्राणवायू संपतो आणि कार्बन डायऑक्साइड खोल खड्ड्याच्या तळाशी साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. अर्धवट भरलेल्या खोल खड्ड्यात दुसऱ्या दिवशी सकाळी उतरणारा माणूस जागीच कोसळू शकतो. शिवाय नायट्रेट जास्त असलेल्या चाऱ्यातून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो. तो पिवळसर-तांबूस असतो, ब्लीचिंग पावडरीसारखा वास येतो, हवेपेक्षा जड असल्यानं खालीच रेंगाळतो. पहिले तीन दिवस सगळ्यात वाईट, पण सावध तीन आठवडे राहायचं. हा वायू नाकात गेला आणि तेव्हा बरं वाटलं, तरी काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. लगेच दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना मुरघासाचा खड्डा होता हे स्पष्ट सांगा.

म्हणून थांबलेलं काम पुन्हा सुरू करताना खोल खड्ड्यात एकट्यानं उतरू नका. ब्लोअर लावून हवा खेळू द्या, वर दुसरा माणूस हवाच. आत कुणी पडला तर त्याच्यामागे उडी घालू नका. विहिरीत, गोबरगॅसच्या टाकीत एकामागोमाग तिघं-चौघं जातात ते याच धावपळीत. दोर टाका, लोक बोलवा, हवा सोडा. जमिनीवरच्या उघड्या खड्ड्यात हा धोका फार कमी, हेही उथळ बांधायचं एक कारण.

उघडणं आणि चारणं

४५ दिवस हात लावू नका. एका टोकानं उघडा आणि वरून खाली सरळ कापत जा, मध्ये बोगदा पाडू नका. उंच तोंडाखाली उभं राहू नका, वरचा कडा सुटून अंगावर येतो. चांगला मुरघास हिरवट-सोनेरी, वास आंबट-गोड, पिकल्या फळासारखा. खवट लोण्याचा वास आला तर मका ओली भरली होती. तंबाखूसारखा वास आणि तपकिरी रंग असेल तर तापला होता. अशा वासावर गाई तुटून पडतात, पण त्यातली प्रथिनं अंगी लागत नाहीत. बुरशीचा भाग चांगल्यात मिसळून "खपवू" नका, उकिरड्यावर टाका. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष दुधात उतरतं. खराब मुरघासातून लिस्टेरियोसिस हा रोगही होतो. जनावर एकाच बाजूला गोल फिरायला लागतं, गाभण असेल तर गाभडतं.

सुरुवात दिवसाला पाच किलोंनी, आठ-दहा दिवसांत २० किलोंपर्यंत. सोबत कडबा किंवा भुसा हवाच, नुसत्या मुरघासावर रवंथ कमी होतो. चारा धार काढल्यावर टाका, आधी टाकलात तर दुधाला वास लागतो.

वाळवण आणि गंजी

गवत फुलोऱ्यात कापा. पालघर-वाड्याकडून मुंबईच्या तबेल्यांना गवत जातं, तिकडेही खरी चणचण गवताची नसते, वेळेवर कापणाऱ्या हातांची असते. बी धरल्यावर कापलेलं गवत नुसतं काड. कुसळी गवताची कुसळं कडक होण्याआधी कापणी उरका, नाहीतर जनावरांच्या हिरड्यांत घुसतात. लसूणघास दहातलं एक झाड फुलल्यावर कापावा. त्याची बहुतेक प्रथिनं पानांत, आणि कोरडी पानं भर दुपारी उलथताना झडून जातात. म्हणून उलथापालथ सकाळी, दव थोडं असताना. रचणं मात्र दव पूर्ण उडाल्यावर, दुपारी. मी नेमकं हेच उलटं केलं होतं.

वाळलं की नाही ते असं पाहा. काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर तुकडे आणि चमचाभर कोरडं मीठ घाला, दोन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर रचा. गोळा झाला तर अजून एक ऊन द्या. काडीची साल नखानं सोलता आली तर बाटलीची गरजच नाही, ती ओलीच आहे.

कडब्याचं तसं सोपं. पेंढ्या बांधून शेतात उभ्या करा, आठ-दहा दिवसांनी गंजी लावा. खाली दगड, त्यावर पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा फूटभर थर, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही लांब. बुडखे बाहेर, शेंडे आत, मधला भाग उंच, म्हणजे पाणी बाहेरच्या बाजूला उतरतं. माथा शाकारून वर कागद. मार्चमधला अवकाळी याच आठवड्यांत गाठतो, त्यामुळे कागद आणि दोर आधीच आणून ठेवा. भिजून काळा पडलेला कडबा झटकताना नाकाला फडकं बांधा, त्या धुळीनं माणसाच्या फुप्फुसालाही कायमचा त्रास जडतो.

गंजी गोठ्यापासून, घरापासून निदान ५० फूट लांब, विजेच्या तारेखाली कधीच नाही. एका मोठ्या गंजीपेक्षा अंतर सोडून दोन बऱ्या, एक पेटली तरी दुसरी राहते. दिवाळीच्या दिवसांत गवत आणि भाताचा पेंढा नुकताच रचलेला असतो आणि आभाळात बाण उडत असतात. त्या चार रात्री माथ्यावर ओली गोणपाटं टाकून ठेवायला काय जातं?

नवी गंजी सहा आठवडे पहाऱ्यात ठेवा. सहा-सात फुटांची लोखंडी सळई मध्यापर्यंत खुपसा, पंधरा मिनिटं तशीच राहू द्या, ओढा आणि टोकाला हात लावा. कोमट असेल तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा पाहा. गरम पण हातात धरवत असेल, म्हणजे ५५ अंशांच्या आत-बाहेर, तर रोज पाहा. धरवतच नसेल तर साठीच्या पुढे गेली असं समजा. तेव्हा मोटारीला पाइप जोडून पाणी तयार ठेवा आणि मगच बाहेरून भारे उतरवायला लागा, लांब आणि मोकळ्यावर पसरत. गंजीवर चढू नका, आतून जळून पोकळ झालेली असेल तर माणूस खाली जातो. धूर दिसला किंवा जळका वास आला तर एकही भारा हलवू नका. हवा लागली की आतला निखारा भडकतो. आधी अग्निशमन दलाला फोन करा आणि तोवर गोठ्यातल्या जनावरांची दावी सोडा.